मागचे फूटरेस्ट वजा जाता

भांडुपच्या टेकडीवरील श्रीदत्तकृपा सोसायटीचे रहिवासी देवेश राऊळ यांनी एक जुनी पण चांगली मोटरसायकल विकत घ्यायचं ठरवलं. कारण लेखी द्यायचं झालं असतं तर दोन शब्दांत देता आलं असतं: बायकोचा गुडघा.

माधुरीला मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली होती. रक्त द्यायला माणसं उपाशीपोटी येतात, त्यामुळे रक्त घेणाऱ्यांना उजाडायच्या आत घर सोडावं लागतं. त्या वेळी टेकडीवर रिक्षा येत नाही आणि चुकून आलीच तर तिला खाली जायचं नसतं. रोजचा उतार चालून गुडघा सुजायला लागला. डॉक्टर म्हणाले, उतार बंद करा नाहीतर नोकरी बंद करा. नोकरी माधुरीला सोडायची नव्हती. मुलं मोठी झाल्यावर, कोणाची ओळख न लावता, स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली होती. महिनाअखेरीला तिला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं आणि ते ठरवणाऱ्या मॅडम घड्याळाकडे बघूनच गुड मॉर्निंग म्हणत.

"काळजी करू नकोस," देवेश म्हणाला. "गाडी घेतो. तू माझ्या मागे बसून स्टेशनला जाशील."

"मग शनिवारी जा आणि घेऊन या."

देवेश नुसता हसला. विक्रोळीच्या एका कंपनीच्या खरेदी विभागात त्याची हयात गेली होती. तीन कोटेशनं आल्याशिवाय त्याने तिथे टाचणीसुद्धा येऊ दिली नव्हती.

शिवाय प्रश्न गाडीचा नव्हता, श्रीदत्तकृपाचा होता. या सोसायटीत कोणतीही वस्तू आली की तिची सुनावणी गॅलरीत होते. वस्तू कशी आहे, चालते का, असले मुद्दे तिथे उपस्थित होत नाहीत. प्रश्न एकच असतो: केवढ्याला पडली? उत्तर काहीही द्या, शेरा ठरलेला असतो: फसलात, आधी मला विचारायचं. त्यावर अपील नाही. आणि गेली कित्येक वर्षं हा शेरा मारण्याचं काम मानद तत्त्वावर देवेशच सांभाळत होता. खंडूचा फ्रिज अजून जिन्यात होता, तेव्हाच देवेशने तो महाग ठरवला होता. रत्नप्रभाकाकूंच्या सुनेची पैठणी त्याने लांबूनच महाग ठरवली. तळमजल्यावरच्या धोंडिरामना हृदयात स्टेंट बसवून घरी आणलं, तेव्हा देवेश शहाळं घेऊन भेटायला गेला, उशाशी बसला आणि स्टेंट केवढ्याला पडला ते विचारलं. आकडा ऐकून म्हणाला, "घाई केलीत."

तेव्हापासून धोंडिराम औषधं अगदी वेळेवर घेत होते. देवेश कधीतरी काहीतरी विकत घेईल, त्या दिवसापर्यंत त्यांना जगायचं होतं.

तात्पर्य, देवेशला मोटरसायकल नको होती. जिला कोणी महाग म्हणू शकणार नाही, अशी मोटरसायकल हवी होती.

पहिली पाहणी चारकोपला झाली. सोबत तज्ज्ञ म्हणून नंदू मेस्त्री होता. नंदू देवेशच्याच गावचा, सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणारा. त्याने आयुष्यात कधी गाडी घेतली नव्हती, त्यामुळे गाड्यांविषयीचं त्याचं ज्ञान अनुभवाने मळलेलं नव्हतं. गाडी विकणारा प्रितम नावाचा सरळ मुलगा होता. बेंगळुरूला नोकरी लागली म्हणून चालला होता. गाडी एकाच मालकाने वापरलेली, कागद स्वच्छ, टाकीवर खेकड्याचं एक छोटं स्टिकर. पहिल्या किकला सुरू झाली. मागची सीट रुंद होती, धरायला दांडी होती, आणि माधुरीचा पाय जिथे आरामात टेकला असता तिथे फूटरेस्ट होते. देवेशला गाडी बघताक्षणी आवडली. त्याने ताबडतोब चेहरा पाडला.

"आवाज कसला येतोय हा?" त्याने विचारलं.

"इंजिनचा, काका," प्रितम म्हणाला.

नंदूने सीटवर दोन चापट्या मारल्या, टायरला पायाने ढोसलं आणि मान हलवली. कशाला हलवली ते त्यालाही सांगता आलं नसतं, पण मान हलवल्याशिवाय पाहणी वैध होत नाही. मग प्रितमने किंमत सांगितली. किंमत वाजवी होती. देवेश दुःखाने हसला आणि तिच्यातून चांगला मोठा तुकडा तोडून आपला आकडा सांगितला. आता प्रितमने कानाला हात लावावेत, आईची शपथ घ्यावी, "मग राहू दे काका" म्हणावं, आपण चार पावलं चालावं, त्याने हाक मारावी, असा कार्यक्रम होता.

"चालेल," प्रितम म्हणाला. "घेऊन जा."

देवेशने चालायला उचललेलं पाऊल परत खाली ठेवलं. नंदूने त्याला पाण्याच्या टाकीमागे नेलं.

"लगेच हो म्हणालो तो," नंदू मालवणीत कुजबुजला. "म्हणजे अजून खाली येतलो."

"शब्द दिला रे मी."

"शब्द तू दिलंस, पैसे खंय दिलंस?"

देवेश परत आला आणि घरच्यांना विचारावं लागेल असं सांगून आणखी खालचा आकडा बोलला. प्रितमने खांदे उडवले. "ठीक आहे. मला रविवारी निघायचंय, काका. पार्किंगवरून सेक्रेटरी रोज डोकं खातात."

दुसरी बैठक टाकीमागे भरली. माणूस भांडत नाही, याचा अर्थ काय? एकतर गाडीत खोट आहे, नाहीतर गाडी दुसऱ्याच कोणाची तरी आहे, नाहीतर गाडीवर कोणाचा तरी जीव गेलाय. देवेशने शेवटची चाचणी म्हणून असा एक आकडा सांगितला, जो सांगताना त्याची त्यालाच लाज वाटली.

प्रितमने खिशातून किल्ली काढली. "घ्या," तो म्हणाला. "काकूंचा गुडघा दुखतो म्हणालात ना फोनवर. घ्या."

आता मात्र शंकेला जागाच उरली नाही. इतका चांगला माणूस काहीतरी लपवत असल्याशिवाय असू शकत नाही. शिष्टमंडळ नमस्कार करून परतलं.

"झाली गाडी?" माधुरीने स्वयंपाकघरातून विचारलं. गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी बांधून ती कणीक मळत होती.

"वाचलो," देवेश म्हणाला. "देत होता तो."

माधुरीचा हात परातीत थांबला. "देत होता म्हणून नाही घेतली?"

"तुला नाही कळायचं. व्यवहारात समोरच्याला थोडा तरी त्रास व्हायला पाहिजे. त्याशिवाय आपण कुठे आहोत ते समजत नाही."

"मी उतारावर आहे," माधुरी म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

पुढच्या आठवड्यात ती लॅबमध्ये दोनदा उशिरा पोचली. मॅडमनी गुड मॉर्निंग म्हणून वेळ लिहून घेतली. इकडे देवेशने घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंतच्या गाड्या पाहून ठेवल्या. जी चांगली होती ती संशयास्पद होती, आणि जी स्वस्त होती ती टेम्पोत घालून आणावी लागली असती. शेवटी वाकोल्याला विकीचं दुकान सापडलं आणि देवेशला आपला माणूस भेटल्यासारखं झालं.

विकी जुन्या गाड्या विकायचा, पण त्याची खरी कला भांडण ही होती. त्याने सांगितलेली किंमत ऐकून नंदू तिथल्याच स्टुलावर बसला. देवेशने निम्म्याहून कमी सांगितली. विकीने कॅल्क्युलेटर आपटला, उचलला, शर्टाला पुसला आणि जपून खिशात ठेवला. तो त्याला दिवसभर आपटायचा होता.

"साहेब, तुम्ही गाडी घ्यायला आलात की माझी वाट लावायला?"

"चल रे नंदू," देवेश म्हणाला आणि दोघे चालायला लागले. विकी मागून धावत आला. चहा आला. विकीने आईची शपथ घेतली, मग बहिणीची. देवेश पुन्हा उठला, विकीने त्याचा हात धरून बसवलं. "तुमच्यासारखं गिऱ्हाईक रोज आलं ना, तर मी गाडी विकून गाडीखाली झोपेन," तो म्हणाला. देवेशचे कान आनंदाने गरम झाले. किंमत उतरत होती, उतरत होती, आणि उतरता उतरता अर्ध्यापर्यंत आली.

तेव्हा नंदूने त्याला कोपराने ढोसलं. "देवेशा, खेकडो बघ."

टाकीवर खेकडा होता. सीट तीच, दांडी तीच. रविवारी प्रितम बेंगळुरूला जाताना गाडी विकीला देऊन गेला होता, काहीही न भांडता. आणि विकीने आता अर्ध्यावर आणलेली किंमत प्रितमच्या अगदी पहिल्या आकड्यापेक्षा थोडी वरच होती.

हे देवेशच्या लक्षात आलं नाही असं नाही. आकडेमोड हा त्याचा पेशाच होता. पण खरेदी विभागात वर्षअखेरीला साहेबांपुढे मांडतात तो तक्ता वाचवलेल्या पैशांचा असतो, खर्च केलेल्यांचा मागे जोडपत्रात जातो. प्रितमने किती उतरवलं? फुटकळ. इथे डोंगर उतरला होता. शिवाय प्रितमकडे ही गाडी नुसती चांगली होती. विकीने तिच्यासाठी जीव टाकल्यावर ती किमती वाटत होती.

"अजून थोडे कमी कर," देवेश म्हणाला.

"आता रुपया नाही, साहेब. देवाशप्पथ." विकीने गाडीभोवती एक फेरी मारली. "फार तर असं करतो. मागचे फूटरेस्ट मी काढून घेतो. त्याचे वजा."

देवेशला विजय समोर दिसत होता. "आणि ही दांडी?"

"दांडी काढतो. साडीगार्डपण काढतो. तिन्हीचे वजा. पण पोलिसाने पकडलं तर माझं नाव नाही घ्यायचं."

"काढ," देवेश म्हणाला.

संध्याकाळी खेकडा श्रीदत्तकृपाच्या आवारात आला तेव्हा सगळी गॅलरी कठड्यावर वाकली होती. धोंडिराम छातीवर हात ठेवून पायरीवर उभे होते. इतक्या वर्षांचा प्रश्न त्यांनी विचारला. देवेशने घेतल्याची किंमत सांगितली नाही. विकीने मागितली होती ती सांगितली, मग आपण किती उतरवली ते सांगितलं. खंडूने मनातल्या मनात वजाबाकी करून शिट्टी मारली. धोंडिराम गोळी घ्यायला आत गेले. शेरा आला नाही. असं सोसायटीच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं.

सकाळी अंधारातच माधुरी डबा घेऊन खाली आली. मागे बसली. पाय लोंबकळत राहिले.

"पाय कुठे ठेवायचे?"

"जरा वर धर. स्टेशनपर्यंतच तर जायचंय."

"गुडघा वाकवून? अधांतरी?" तिने मागे हात नेला. "आणि धरू कशाला?"

देवेशने फूटरेस्टचे, दांडीचे आणि साडीगार्डचे मिळून किती वजा झाले ते तिला सविस्तर सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती उतरली, पर्स खांद्याला लावली आणि उतार चालायला लागली.

देवेश तिच्या सोबतीला गाडी घेऊन निघाला. ती चालत होती त्या वेगाने, पहिल्या गिअरमध्ये, तिच्या शेजारून. वळणावर ती कठडा धरून थांबली की तोही क्लच दाबून थांबायचा. "पेट्रोल अजिबात खात नाही बघ," तो एकदा म्हणाला. वरच्या गॅलरीतून कोणीतरी दूधवाल्याला ती गाडी दाखवत होतं आणि कितीला मागितली, किती उतरवली ते सांगत होतं.

या सगळ्यात गाडीची किंमत कुठेच दिलेली नाही, हे तुमच्या मघाशीच लक्षात आलं असेल. चारकोपला प्रितमने आकडा सांगितला, तेव्हापासून तुम्ही तो शोधताय. माधुरीचा कोणता गुडघा दुखतो, उजवा की डावा, हेही कुठे दिलेलं नाही.