पुंडलिकजींची हरकत

पुंडलिकजींना पत्ता विचारणं धोक्याचं होतं. बाहेरगावचा एखादा पाहुणा वणीच्या बसस्टँडवर उतरून, विचारत विचारत आमच्या गल्लीच्या तोंडाशी यायचा. तिथं ओट्यावर बनियन-पायजम्यात पुंडलिकजी बसलेले असायचे. पाहुणा बिचारा गालावर हात ठेवून म्हणायचा, "दातांचे डॉक्टर इथंच राहतात ना?"

"आता राहते, का आधी राहत होते?"

"म्हणजे? घर बदललं का त्यांनी?"

"घर कायले बदलतीन? घर जाग्यावरच हाय. वार्ड हालला."

मग काठीचं टोक धुळीत टेकायचं. "हे पाहा. ही नाली. पयल्या इलेक्शनले डॉक्टर नालीच्या इकडे, म्हंजे सात नंबर वार्डात. मंग हद्द नेली लिंबावरून. डॉक्टर गेले नवात. दवाखान्याची पायरी मात्र सातातच राह्यली." तोवर पाहुण्याचा दात ठणकून ठणकून गप्प झालेला असायचा. शेवटी डॉक्टरांची बायको गच्चीवरून हाक मारून त्याची सुटका करायची.

मी त्यांचा शेजारी. माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती आणि तिची भिंत पुंडलिकजींच्या भिंतीला लागून होती, त्यामुळे आमच्या वॉर्डाचा सगळा इतिहास मला फुकटात पाठ झाला. सरकार दर निवडणुकीआधी वॉर्डाच्या हद्दी नव्यानं आखतं, हे इतरांना पेपरात वाचून कळायचं. पुंडलिकजींना ते अंगावर आल्यासारखं व्हायचं. भाचीसाठी स्थळ आलं, तर पोराचं शिक्षण विचारायच्या आधी ते वॉर्ड विचारायचे. दूधवाल्याशी पाण्यावरून वाद झाला, तरी म्हणायचे, "तू नवातून चारात येऊन दूध घालतं. हद्द पाहून बोल." हे त्यांचं पेटंट वाक्य. बायकोशी, कंडक्टरशी, एकदा तर सर्दीवर औषध देणाऱ्या डॉक्टरशीही ते "हद्द पाहून बोला" म्हणाले होते.

एका वर्षी नव्या हद्दीची रेघ त्यांच्याच परसातून गेली. घर चारात आणि संडास नवात. इतर कोणी चिडलं असतं. पुंडलिकजी खुशीत होते. "मी रोज सकाळी दुसऱ्या वार्डाचा दौरा करून येतो," असं ते वर्षभर सांगत फिरले.

नोकरी त्यांची जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडरची. कापसाची चिमूट बोटांत ओढून तो कोणत्या प्रतीचा ते सांगायचं. पण खरा जीव निवडणुकीत. ते दर वेळी अपक्ष उभे राहायचे आणि दर वेळी पडायचे. त्यांना पाडायचा लटारी.

लटारी त्याच जिनिंगमध्ये फिटर. नालीपलीकडे, जिनिंगच्या चाळीत राहायचा. एके काळी दोघांचा डबा एकाच झाडाखाली उघडायचा. मग कधीतरी मजुरांनी आग्रह केला की, आपल्यातलं कोणीतरी पालिकेत गेलं पाहिजे. दोघांनीही अर्ज भरले. ठरलं असं की एकानं मागे घ्यायचा. पण हा म्हणाला, तो घेईल; तो म्हणाला, हा घेईल. दोघंही तहसीलच्या आवारात झाडाच्या दोन बाजूंना उभे राहून वाट पाहत राहिले आणि मुदत संपली. मतं फुटली, दोघंही पडले, आणि निवडून आले भाऊसाहेब. भाऊसाहेबांचे कोळशाचे ट्रक चंद्रपूर रोडवर पळायचे. त्यांना वॉर्डात कोणी फारसं पाहिलेलं नव्हतं. पण पुंडलिकजी आणि लटारी एकमेकांविरुद्ध उभे आहेत तोवर त्यांना वॉर्डात यायची गरजही नव्हती.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. अगदी कायमचं बंद असंही नाही. प्रचाराच्या दिवसांत ते बोलायचे, लाऊडस्पीकरवरून.

नालीच्या अलीकडे पुंडलिकजींची सायकलरिक्षा, पलीकडे लटारीची. पुंडलिकजी माईक हातात घेऊन म्हणायचे, "आपल्या विरोधी उमेदवाराले जाहीर सूचना हाय, का त्यानं थंडीत मफलर गुंडाळल्याबिगर प्रचार करू नये. त्याच्या खोकल्यानं मतदारांची झोपमोड होऊन राह्यली." थोड्या वेळानं पलीकडून कर्णा खरखरायचा, "विरोधी उमेदवाराले शुगर हाय. काल तो हलवायाच्या दुकानात जिलेबी खाताना दिसला. ज्याले सोताची तब्येत सांभाळता येत नाई, तो वार्ड काय सांभाळन?" गल्ली हसून लोळायची. आम्ही याला चिखलफेक समजत होतो.

एकदा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. पुंडलिकजींनी आपल्या बायकोला, सुमनकाकूंना, उभं केलं, लटारीनं त्याच्या बायकोला, गिरजाबाईंना. या दोघी जुन्या मैत्रिणी. नवऱ्यांनी एकमेकींशी एक शब्द बोलू नका म्हणून बजावलेलं. त्यांनी काय करावं? दोघी जोडीनं घरोघरी कुंकू लावत फिरल्या आणि सगळ्या बायांना सांगत सुटल्या, "आम्हा दोघींतून कोनालेही द्या, काई हरकत नाई." निवडून आली भाऊसाहेबांची सून.

त्यानंतर दोनेक वर्षांनी सुमनकाकू गेल्या. पुंडलिकजींना मूलबाळ नव्हतं. ओट्यापुढची धुळीतली रेघारेघ वाढली, एवढाच काय तो फरक आम्हाला दिसला.

कापसाचंही तेव्हा सगळं बिनसलं होतं. पूर्वी हंगामात जिनिंगच्या फाटकापुढं कापसानं भरलेल्या बंड्यांची, बैलगाड्यांची, रांग पार वळणापर्यंत जायची. ती आखडत आखडत फाटकाशी आली आणि एका वर्षी फाटकच उघडलं नाही. पुंडलिकजी, लटारी, सगळे घरी बसले. चाळीतले मजूर पांगले. कोणी राजूरच्या खाणीवर गेलं, कोणी आंध्रात. माणसं कमी झाली म्हणून पुढच्या निवडणुकीच्या आधी सरकारनं हद्द परत सरकवली. पालिकेच्या फलकावर नवा नकाशा लागला. जिनिंगची चाळ आमच्या चारातून काढून नवात टाकली होती. म्हणजे लटारी आमच्या वॉर्डातून गेला.

गल्लीत आनंदीआनंद झाला. भाऊसाहेबांच्या राज्याला कंटाळलेली चार माणसं पुंडलिकजींच्या ओट्यावर आली. "काका, आता मतं फुटत नाहीत. या खेपेला तुम्ही नगरसेवक झालेच म्हणून समजा!" पुंडलिकजी हं हं करत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि बाकावर बसले.

"हरकत टाईप करा."

"कशावर?"

"हद्दीवर. चाळ चारातच पाह्यजे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "अहो पुंडलिकजी, लटारी गेला तर तुमचंच भलं नाही का?"

"हद्द पाहून बोला. तुम्ही टायपिस्ट हा का वकील?"

त्यांनी सांगितलं ते मी टाईप केलं. "सदर चाळ जिनिंगच्या भोंग्यावर उठत असे व आमची गल्लीही त्याच भोंग्यावर उठत असे. सबब दोन्हींचा वार्ड एकच असावा." भोंगा बंद पडलाय हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, "सवय कुठं बंद पडली?"

हरकतींची सुनावणी यवतमाळला होती. मला सोबत नेलं. इतरांच्या हरकती आपापल्या फायद्याच्या होत्या, त्या पटापट निघाल्या. पुंडलिकजींचा कागद वाचून अधिकारी बाई थांबल्या.

"हे लटारी तुमचे कोण?"

"विरोधक."

"आणि तुम्हाला विरोधक वॉर्डात परत हवाय?"

"हो जी."

"का पण?"

पुंडलिकजी जरा घुटमळले. "मंग मी उभा कोनाच्या विरोधात राहू?"

"तिसरे उमेदवार असतीलच की."

"त्याइची माही वळख नाई."

सगळी खोली हसली. बाईही हसल्या आणि लोकसंख्येचा नियम दाखवून त्यांनी हरकत फेटाळली. पुंडलिकजींनी नमस्कार केला आणि बाहेर आले.

परतीच्या एसटीत ते खिडकीपाशी बसले होते. शेतात कापसाची पऱ्हाटी उभी होती, बोंडं कमी आणि पानं लालसर. मारेगाव मागं पडलं. मग बाहेर बघतच म्हणाले, "सुमन गेली तवा लटारी आलता. खांदा देला त्यानं. बोलला नाई काई. मीबी बोललो नाई. मनात म्हनलं, इलेक्शन येऊनच राह्यली, तवा बोलू."



अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी मात्र पुंडलिकजी नेहमीसारखे कडक इस्त्रीत तहसीलला गेले. संध्याकाळी फलकावर उमेदवारांची नावं लागली, आणि बाजार भरावा तशी माणसं तिथं जमली. पुंडलिकजींनी अर्ज भरला होता नऊ नंबरमधून. गावातला मतदार गावातल्या कोणत्याही वॉर्डातून उभा राहू शकतो, हा नियम त्यांना माहीत नसेल तर कोणाला? ते लटारीला गाठायला त्याच्या वॉर्डात गेले होते. आणि चार नंबरमध्ये, आमच्या वॉर्डात, नाव होतं लटारीचं.

आठवडाभर वणीत दुसरा विषय नव्हता. चहाच्या टपऱ्यांवर माणसं ठसका लागेपर्यंत हसत होती.

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी पुंडलिकजी मला घेऊन तहसीलला गेले. व्हरांड्यात लटारी उभा. मफलर गुंडाळलेला, हातात पुंडलिकजींसारखाच माघारीचा कागद. दोघंही एकाच कामाला आले होते. मी अलीकडे, पुंडलिकजी मध्ये, पलीकडे लटारी. लाऊडस्पीकर कोणाकडेच नव्हता.

"तू माह्या वार्डात कायले फार्म भरला?" पुंडलिकजींनी विचारलं.

"तू माह्या वार्डात कायले भरला?"

"तुह्या विरोधात उभा राहाले."

"मंग? मीबी तेच्यासाठीच ना!"

आतून शिपाई ओरडला, "मागे घ्याचा असन तर या, मुदत संपून राह्यली!" दोघंही हलले नाहीत. मीच धीर करून म्हणालो, "मागे कशाला घेता? लटारीभाऊ, तुम्ही चाळीला सांगा पुंडलिकजींना मत द्या म्हणून. पुंडलिकजी, तुम्ही आमच्या गल्लीला सांगा. मतं फुटतच नाहीत आता."

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी नियमाबाहेरचं काही बोललो. मग लटारीनं कागदाची घडी करून खिशात घातली. "राहू दे मंग," तो म्हणाला.

त्या वर्षीचा प्रचार मी विसरणार नाही. इतकी वर्षं ज्याची उणीदुणी काढली, त्याची तारीफ करायची पुंडलिकजींवर वेळ आली होती. माईक धरून ते गल्लीत उभे राहिले. "लटारी हा हट्टी माणूस हाय. कानानं कमी ऐकते. पन जिनिंगात पट्टा तुटला, तर मशीन बंद झाल्याबिगर त्यानं एकाही मजुराले हात घालू देला नाई. मालक ओरडून राह्यला, तरी नाई. आमच्या जिनिंगात कोनाची बोटं गेली नाई ती त्याच्यामुळं. अशा माणसाले मत द्या." गल्ली या वेळी हसली नाही.

दुपारी ते नवात जाऊन स्वतःसाठी मतं मागायचे. मी एकदोनदा सोबत गेलो. चाळीत अर्ध्या दारांना कुलपं होती. पुंडलिकजी कुलूप लावलेल्या दारापुढंही क्षणभर थांबायचे, आत राहणाऱ्याचं नाव घ्यायचे, मग पुढं जायचे. लटारीची बायको सगळ्यांना सांगत होती, "यंदा एकालेच द्या बाप्पा, मांगच्यावानी कोनालेही नाई."

मोजणीला मी पुंडलिकजींसोबत होतो. चार नंबरचा निकाल आधी लागला. लटारी थोडक्या मतांनी निवडून आला. भाऊसाहेबांची माणसं एकमेकांची तोंडं पाहत राहिली. मग नऊ नंबर. पुंडलिकजी पडले. ज्या चाळीच्या जिवावर ते उभे होते, तिच्यातली माणसं मतदानाला गावात नव्हतीच.

बाहेर गुलाल उधळला गेला, डफडं वाजायला लागलं. पुंडलिकजी गर्दीच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते. गुलाल लावावा की नाही, हे कोणाला समजेना, म्हणून त्यांच्या आसपास जागा मोकळी होती. ते घराकडे वळले. मी त्यांच्या मागं निघालो.

तेवढ्यात मागून, त्या सगळ्या गोंधळाच्या वरून, हाक आली.

"ए पुंड्या! कुठं चालला? गिरजानं वांग्याची भाजी केली. तुह्यं ताट वाढून ठेवलं तिनं!"

पुंडलिकजी जागच्या जागी थांबले. गावात लहानथोर सगळे त्यांना पुंडलिकजी म्हणायचे. सुमनकाकू "अहो" म्हणायच्या. मी भिंतीपलीकडे इतकी वर्षं राहिलो, पण हे नाव कधी ऐकलं नव्हतं.

लटारी गर्दीतून वाट काढत येत होता. पुंडलिकजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाले, "ऐकलं काय? लहानपनचं नाव हाय माह्यं. असं म्हननारा आता तेवढा एकच राह्यला."

आणि ते लटारीच्या दिशेनं चालू लागले.