परांजप्यांनी सुचवलेली शाळा

परांजप्यांनी मला फसवलं. आमच्या हौगांगच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे इमारतीत, वरच्या मजल्यावर राहणारे वसंत परांजपे. बँकेतून निवृत्त, विधुर, शुद्ध शाकाहारी, रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावणारे. माझ्या मुलीच्या शाळेच्या बाबतीत त्यांनी मला सरळ सरळ गंडवलं.

मी सहसा गंडत नाही. इचलकरंजीहून मी देश सोडून इथे शिपयार्डात फिटर म्हणून आलो आणि आज जहाजांचे पंप दुरुस्त करणारी माझी स्वतःची कंपनी आहे. भेंडी घेतानासुद्धा मी भाव केल्याशिवाय पिशवी उघडत नाही. आणि माझ्यासारख्या माणसाला टाय लावलेल्या एका म्हाताऱ्याने नको तो माल गळ्यात मारावा?

या माणसाला शाळा बघण्याचा नाद आहे. लोक पक्षी बघायला जातात, हे शाळा बघायला जातात. घरात ना मूल, ना नातवंड, पण ओपन हाऊसचा, म्हणजे पालकांना शाळा आतून दाखवण्याचा, मोसम आला की परांजपे टाय लावून, पाण्याची बाटली घेऊन बाहेर पडतात. मराठी मंडळातलं कुणाचंही पोरगं सहावीची, पुढची शाळा ठरवणारी परीक्षा देणार असलं की त्या आईबापांच्या पुढे हे चालत असतात. आत गेल्यावर निकाल, बक्षिसं, प्रयोगशाळा यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. आधी गेटवरच्या वॉचमन अंकलशी गप्पा मारतात.

"शाळा गेटवर कळते, जाधवराव," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "अंकल जुना असेल तर शाळा बरी. अंकल दरवर्षी बदलत असेल तर आत काहीतरी नासलंय."

नंतर कॅन्टीन. तिथे शाकाहारी बीहून, म्हणजे तांदळाच्या शेवया, मागवायचं, त्यात अंडं नाही ना हे तीनतीनदा विचारायचं आणि खाताखाता शिक्षक मुलांच्या रांगेत उभे राहतात की मध्ये घुसतात हे बघायचं. झाली शाळेची तपासणी!

सरकारी अनुदानावर चालणाऱ्या, पण कुठल्या तरी धर्मसंस्थेने काढलेल्या शाळा हा त्यांचा खास विषय. पुण्यातल्या पेठांबद्दल बोलावं तसे ते त्यांच्याबद्दल बोलत. "कॅथलिक म्हणजे शिस्त. मेथडिस्ट म्हणजे गाणं. अँग्लिकन म्हणजे शिस्तच, पण चहाच्या वेळेपर्यंत. बौद्ध शाळेत जेवणाची सोय उत्तम, पण तुमची केतकी तिथे चिन्यांच्या घोळक्यात एकटी पडेल."

केतकीचा निकाल लागला. मार्क चांगले होते. शाळा निवडायला थोडेच दिवस होते. माझ्या मनात ब्लॉकखालची सरकारी शाळा होती. पोरगी चालत जाईल, चालत येईल. सुनंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, तेच मत. पण परांजपे आमच्या सोफ्यावर येऊन बसले ते उठेचनात.

"कॉन्व्हेंट निवडा. बुकित तिमाहची."

"तिथे येशूची प्रार्थना करायला लावतात म्हणे," सुनंदा म्हणाली.

"अहो वहिनी, ऐच्छिक असते! हिंदू मुली मागे बसून गृहपाठ करतात."

"आणि हिंदी? त्या सक्तीच्या भाषेसाठी शनिवारी पुन्हा दुसरीकडे पाठवायचं का?"

"शाळेतच शिकवतात."

"लांब आहे हो," मी म्हणालो.

"अर्ध्या तासात दारात!"

आता माझी कमजोरी सांगतो. इचलकरंजीत आमच्या नगरपालिकेच्या शाळेसमोरून कॉन्व्हेंटच्या पोरी चौकटीच्या स्कर्टात रांगेने जायच्या. आम्ही भिंतीवर बसून बघायचो. तेव्हा त्यांच्याइतकं इंग्रजी बोलणारं माणूस आमच्या गल्लीत नव्हतं. इथे झाडून सगळ्या शाळा इंग्रजी आहेत, हे मला कळतं. पण 'कॉन्व्हेंट' हा शब्द कानावर पडला की माझ्यासारख्याचं डोकं चालेनासं होतं, आणि परांजप्यांना ते बरोबर ठाऊक होतं.

ओपन हाऊसला आम्ही गेलो. परांजपे अर्थातच बरोबर. मी थेट उपमुख्याध्यापिकाबाईंना गाठलं.

"मॅडम, प्रार्थना रोज असते?"

"रोज सकाळी, मिस्टर जाधव."

"आठवड्यातून तीनदा नाही का जमणार? आमच्यासारख्यांसाठी?"

परांजप्यांनी मागून माझा शर्ट ओढला. बाई हसल्या. "मिस्टर जाधव, देवाकडे पॅकेज नसतं."

आयुष्यात पहिल्यांदा मी भाव न करता व्यवहार केला. आम्ही त्या शाळेला पहिली पसंती दिली आणि केतकीचा नंबर लागला.

जानेवारीत शाळा सुरू झाली आणि सगळं उघडं पडलं. अर्धा तास? बस, मग सेरंगूनहून एमआरटी, म्हणजे मेट्रो, मग पुन्हा चालणं. पोरगी अंधारात घर सोडायची. हिंदी शाळेत नव्हतंच, त्यासाठी शनिवारी दुसऱ्या केंद्रावर जावं लागे. आणि ऐच्छिक प्रार्थना? सगळ्या मुली उभ्या राहतात, सगळ्या गातात. गृहपाठ कुणीही करत नाही.

त्याहून वाईट म्हणजे केतकीला ते आवडायला लागलं. एके दिवशी पोळी खाताखाता ती काहीतरी गुणगुणत होती. सुनंदाने लाटणं खाली ठेवलं.

"हे काय गाणं?"

"हिम, आई. येशूच्या प्रार्थनेचं गाणं. ईस्टरला चॅपलमध्ये मी सोलो गाणार आहे. टीचरनी मला निवडलं."

"चॅपलमध्ये? एकटी?"

"जस्ट सिंगिंग लाह, आई! तू का रडतेयस?"

सुनंदा माझ्याकडे वळली. "काढा तिला तिथून. उद्याच्या उद्या."

मी तसाच वर गेलो. परांजप्यांनी दार उघडलं.

"या. चपला बाहेर."

"चपला गेल्या खड्ड्यात! हिंदी शाळेत शिकवतात म्हणालात!"

"शिकवायचे ना! बुधवारी. तळमजल्यावर."

"अर्धा तास म्हणालात!"

"तिथल्या कॉन्डोतल्या फ्लॅटमधून अर्धा तासच लागायचा. आम्ही तेव्हा तिकडेच..." एवढं बोलून ते थांबले.

"तेव्हा म्हणजे कधी? आम्ही कोण?"

माझा आवाज एव्हाना आख्ख्या मजल्याने ऐकला असेल. मी म्हणालो, "ऐका. पोरीला चॅपलमध्ये गायचंय. मी तिचं नाव काढतोय."

परांजपे खुर्चीवर मागे टेकून बसले. मी त्यांना कधी टेकून बसलेलं बघितलं नव्हतं, हे मला तेव्हा जाणवलं.

"काढू नका," ते म्हणाले. "मी काढलं होतं."

त्यांना मुलगी आहे, हे आमच्या ब्लॉकमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. मुग्धा. याच शाळेत होती. पंधरा वर्षांची असताना म्हणाली, बाबा, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. "मी म्हटलं, बघू. आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन नाव काढून आलो. तिला न सांगता. सकाळी ती युनिफॉर्म घालून तयार झाली, तेव्हा सांगितलं."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या शाळेत गेली. मार्क उत्तम. माझ्याशी बोलणं बंद."

"आणि तो बाप्तिस्मा?"

"पर्थला गेल्यावर घेतलाच. आईच्या आजारपणात आली, क्रियेपर्यंत राहिली, गेली. तिला मुलगा झाल्याचं मला पुण्याच्या बहिणीकडून कळलं." त्यांनी चष्मा काढला. "तीही गायची, जाधवराव. मी कधी ऐकायला गेलो नाही. चॅपलमध्ये पाय ठेवायचा नाही असं ठरवलं होतं ना."

म्हणजे हा सगळा नाद असा होता. बाकीच्या शाळांचे अंकल आणि कॅन्टीनं ही वरवरची सजावट. दरवर्षी कुणाची तरी मुलगी गळाला लावायची आणि या एका शाळेत नेऊन सोडायची. एक काढली, तिच्या जागी इतरांच्या भरत राहायच्या.

मला भयंकर राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. जुना पंप विकताना तो आधी कुठे फुटला होता हे मी गिऱ्हाइकाला सांगतो. या माणसाने माझ्या पोरीची सहा वर्षांची मेहनत आपल्या प्रायश्चित्तात घातली आणि वर बीहून खाल्लं.

पण केतकीला मी काढलं नाही. सुनंदाशी भाव केला. ईस्टरला पोरीने गायचं, गणपतीत पाच आरत्या कागद न बघता म्हणायच्या. सुनंदा दोन आरत्या वाढवून घेऊन कबूल झाली.

ईस्टरच्या कार्यक्रमाला मी परांजप्यांना बरोबर नेलं. चॅपलच्या दाराशी ते इतका वेळ रेंगाळले की मागच्या बायका खोळंबल्या. शेवटी मी दंड धरून आत ओढलं. लोक उभे राहिले की हे दोन क्षण उशिरा उभे राहायचे. हात मात्र पूर्ण वेळ नमस्कारात जोडलेले. केतकी गायली. बरी गायली, वरच्या सुरात जरा घसरली. परांजपे तिच्याकडे बघतच नव्हते. तिच्या शेजारची रिकामी जागा बघत होते.

बाहेर उपमुख्याध्यापिकाबाई भेटल्या. "मिस्टर परांजपे, दरवर्षी ओपन हाऊसला येता तुम्ही! या खेपेला कोणाचे काका?"

"माझी मुलगी इथे शिकली," परांजपे म्हणाले. बाई पुढचं काही विचारणार, तोवर ते चालू लागले होते.

माझा त्यांच्याशी हिशेब आहे तो मी बघून घेईन, त्यांना सोडणार नाही. पण मुग्धाताई, तू पर्थमध्ये जिथे कुठे असशील तिथे हे वाच. मी तुझ्या बापाची बाजू घेत नाही. त्यांनी तुझं जे केलं ते वाईट केलं, आणि माझंही. पण हा माणूस दुसऱ्यांच्या मुली तुझ्या नावाने तिथे नेऊन बसवतोय, आणि त्यात या वर्षी माझी आहे. पुढच्या वर्षी आणखी कुणाची असेल. अजून किती मुली लागतील तुला? फोन कर. शिव्या घाल, ओरड, वाटलं तर दोन मिनिटांत ठेवून दे. पण उत्तर तू द्यायचंस.