याकूबचाचा हात देत नाहीत

याकूबचाचा माणसाचं तोंड बघत नाहीत, गुडघे बघतात. रस्त्यात नमस्कार केला तरी नजर आधी खाली जाते. मी चाळिशीचा. पहिल्याच भेटीत मला खालून न्याहाळून ते म्हणाले, "तुमचं अजून पंधरा वर्षं काम न्हाई."

चाचा जवळा बाजारचे सुतार. आमच्या हट्टा गावात बचत गटाच्या बायकांनी एक काम अंगावर घेतलंय. एकट्या म्हाताऱ्यांच्या, अपंगांच्या घरात धरायला दांड्या बसवायच्या, आडवे येणारे उंबरे काढायचे, म्हणजे त्यांना आपल्याच घरात राहता येतं. लाकूड गटाचं, कारागिरी चाचांची. आणि नियमही चाचांचाच: उठणाऱ्याला कोणी हात द्यायचा नाही.

माझ्या वडिलांचा, आप्पांचा, खुबा मोडला तेव्हा चाचा आमच्याकडे आले. आप्पांना पलंगावर बसवलं, सुतळीनं गुडघ्यापासून जमिनीपर्यंत माप घेतलं आणि आईच्या माहेरून आलेल्या पलंगाचे पाय माझ्यादेखत चार बोटं कापायला काढले.

"कोणाला विचारून कापता?" मी म्हणालो.

"आप्पाच्या गुडघ्याला," चाचा म्हणाले.

सोमवारी माझी नांदेडच्या शाळेतली रजा संपत होती. मी आप्पांना अट घातली होती. तोवर एकट्यानं अंगणापलीकडच्या संडासला जाऊन आलात तर इथं राहा, नाहीतर माझ्यासोबत नांदेडला चला, तिसऱ्या मजल्यावर.

"मी काय कबूतर हाय काय?" आप्पा म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

रविवारी सकाळी चाचांनी शेवटची दांडी ठोकली आणि आप्पा निघाले. एकेक दांडी धरत गेले. येताना मात्र ओसरीच्या पायरीवर अडकले. पाय लटपटायला लागला. मी धावलो, तर चाचांनी माझा दंड धरला.

"हात काढा, सर. तुमचा हात उद्या नांदेडला जाऊन राहिला. दांडी इथंच हाय."

"पडतील ते."

"न्हाई पडत. थांबा."

त्या क्षणी मला या माणसाचा मनापासून राग आला. इतका दगड माणूस मी पाहिला नव्हता. आप्पांनी मला, चाचांना आणि दांडीला एकेक शिवी दिली आणि वर आले.

"बराबर," चाचा म्हणाले आणि हत्यारं आवरायला लागले. आप्पा धापा टाकत पलंगावर बसले. "तू जा आता नांदेडला," मला म्हणाले.

सोमवारी निघण्याआधी आभार मानायला चाचांच्या घरी गेलो. चाची खाटेवर होत्या, त्यांचे गुडघे गेलेले. घरात एकही दांडी नव्हती. उंबरा वीतभर उंच. न राहवून मी विचारलं.

"तिला न्हाई जमत, सर. तिला मीच उठवतो," चाचा म्हणाले आणि चहा आणायला आत गेले.

ते आत गेले तशा चाची खाटेचा कठडा धरून उठल्या, चार पावलं जाऊन खिडकी लोटली आणि परत येऊन बसल्या.

"त्यांना सांगू नको, बेटा," त्या हळूच म्हणाल्या. "दिवसभर कोणाला हात लावत न्हाईत. घरी आल्यावर कोणाला तरी धरावं वाटतं त्यांना."

चाचा चहा घेऊन आले. कप खाली ठेवून, चाचींना नीट टेकून बसवायला त्यांनी हात पुढे केला. चाचींनी तो धरला आणि आपला सगळा भार त्यांच्यावर टाकला.