कांद्याच्या रोपांची रीतसर तपासणी

या, असे जवळ सरकून बसा. मागे उभे आहेत त्यांनाही पुढे घ्या. मन जरा मोठं केलं की सतरंजी आपोआप लांबते. आज तुम्हाला एका कांद्याची गोष्ट सांगतो. देवाने जे जे घडवलं त्यात स्वतः न रडता दुसऱ्याला रडवणारा हा एकच, तेव्हा डोळे कोरडे राहतील अशी हमी देत नाही. पण गोष्ट खरी गमतीची आहे, आणि रोप उगवतं की नाही हे शेवटपर्यंत कळणार नाही.

एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक साहेब राहत. आयुष्यभर ते तपासणी खात्यात होते. तपासणी कशाची, हे खात्यालाही नेमकं ठाऊक नव्हतं. दुसऱ्या खात्याने काही बांधलं, भरलं किंवा सील केलं की हे जाऊन ते उघडून बघत, आणि पुन्हा लावताना ते पहिल्यासारखं कधी बसत नसे. निवृत्त झाल्यावर घरात उघडण्यासारखं जे जे होतं ते त्यांनी उघडून पाहिलं: भिंतीवरचं घड्याळ, मिक्सर, मोरीतला नळ. त्यानंतर साहेबांच्या पत्नी, म्हणजे मालकीणबाई, खालून बादलीने पाणी आणू लागल्या आणि तोंडाने चकार शब्द काढत नव्हत्या, यावरून परिस्थिती किती नाजूक होती ते समजावं.

अशात एका सकाळी मालकीणबाईंनी कांदा चिरला तो आतून काळा निघाला. त्या एवढंच म्हणाल्या, "हल्ली आत काय निघेल सांगता येत नाही." वाक्य कांद्याला उद्देशून होतं. साहेबांनी ते धोरण म्हणून घेतलं. यापुढे या घरात चिरला जाणारा कांदा बीपासून, घरातच आणि अधिकृत देखरेखीखाली उगवलेला असेल, असं त्यांनी नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं. भाजीवाल्याकडे पोती भरून कांदे पडलेत, असं मालकीणबाईंनी सुचवलं. त्यावर, पोत्यातल्या कांद्याचा पूर्वेतिहास तुला माहीत आहे का, असा प्रश्न आला. तो त्यांना माहीत नव्हता. ठराव मंजूर झाला.

आता त्या घराला खिडक्या पुष्कळ, पण ऊन येई ते एकाच खिडकीतून. बाकीच्या खिडक्यांसमोर नव्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, सगळ्या रीतसर परवानगी घेऊन. उन्हाच्या त्या एका खिडकीत वेताच्या खुर्चीवर साहेबांची थोरली बहीण बसे. सगळे त्यांना अक्का म्हणत. आई गेल्यावर साहेबांना अक्कांनीच लहानाचं मोठं केलं होतं. सकाळचं ऊन मांडीवर आलं की अक्कांचे गुडघे वाकत, बोटं उघडत, आणि त्या हळू आवाजात देवाचं काहीबाही गुणगुणत. आभाळ भरलेल्या दिवशी त्यांना चहाचा कप दोन्ही हातांनीही धरवत नसे. डॉक्टर म्हणाले होते, गोळ्या मी देतो, पण खरं काम ते ऊन करतंय.

साहेबांचा मुलगा अशा कार्यालयात होता, जिथे काम म्हणजे बैठक आणि बैठकीचं फलित म्हणजे पुढची बैठक. त्याने वडिलांना समजावलं की एकाच पद्धतीने पेरलं तर त्याला शेती म्हणतात. प्रयोग म्हणायचा असेल तर पद्धती अनेक हव्यात आणि त्यांच्यात स्पर्धा हवी. म्हणून काही बी डब्यात ओल्या कागदाच्या घडीत ठेवलं, काही मातीच्या ट्रेमध्ये पेरलं, काही अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खणांत टोचलं, आणि उरलेलं आडव्या कापलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांत टाकलं. प्रत्येकाला 'विभाग' म्हणायचं ठरलं. मालकीणबाईंच्या हाती फवाऱ्याची बाटली देऊन त्यांना 'जलप्रमुख' नेमलं. आदल्या दिवसापर्यंत ज्या या खुळाला हसत होत्या त्या दुसऱ्या सकाळी, माझ्या परवानगीशिवाय कोणी पाणी घालायचं नाही, असं दरडावताना ऐकू आल्या.

सगळे विभाग अर्थातच उन्हाच्या खिडकीत मांडायचे होते. अक्कांची खुर्ची हातभर मागे घेतली. "तात्पुरतं आहे, अक्का," साहेब म्हणाले. अक्का म्हणाल्या, "असू दे रे. कोवळा जीव आहे, त्याला आधी." ऊन आता त्यांच्या गुडघ्यांपर्यंत न येता पावलांवरच थांबू लागलं.

कांद्याचं बी म्हणजे काळा, खरखरीत कण. तो मातीत पडला की देव त्याला आपल्या चालीने उठवतो. कोंब वर येतो तो ताठ येत नाही. केसांच्या आकड्यासारखा वाकून येतो, दोन्ही टोकं मातीत आणि गुडघा वर. मग जरा दमाने तो स्वतःच सरळ होतो. पहिले कोंब दिसले तेव्हा साहेब चष्मा लावून खाली वाकले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. खात्यातही लोक वाकून उभे राहत, पण साहेबांसमोर. हे तर खिडकीकडे तोंड करून वाकले होते. मुलाने सांगितलं, बाबा, होतील सरळ. साहेबांनी विचारलं, कोणाच्या आदेशाने? आणि चिमटा आणून त्यांनी एकेक कोंब सरळ केला. संध्याकाळपर्यंत सगळा विभाग आडवा झाला.

चौकशी बसली. चौकशीत चिमट्याचा उल्लेख झाला नाही, कारण चिमटा चौकशी करणाऱ्याच्याच हातात होता. दुपारी अक्कांच्या खुर्चीच्या पाठीची सावली ट्रेच्या कोपऱ्यावर पडते, असा निष्कर्ष निघाला. दुपारी त्या खिडकीत ऊनच नसतं, मग सावली कुठून, हा मुद्दा अक्कांनीच काढला; पण चौकशी पूर्ण झाली होती. खुर्ची मधल्या बोळात गेली. अक्का तिथे बसून खिडकीकडे बघत, आणि ऊन दुसऱ्याच्या घरात आल्यासारखं त्या खोलीत फिरून परत जाई.

दुसरी पेरणी जोमाने उठली. कोंबांना साहेबांच्या नजरेची सवय झाली असावी. ते भराभर सरळ झाले. पण वरून हिरवं दिसतं म्हणजे खाली काम चालू आहे, असं मानायची खात्यात पद्धत नव्हती. मूळ दिसल्याशिवाय मूळ आहे असं कसं म्हणणार, आणि उपटल्याशिवाय मूळ कसं दिसणार? तेव्हा रोज सकाळी अंघोळीनंतर तपासणी होऊ लागली. साहेब एकेक रोप हळुवार उपटत, मूळ धुऊन पट्टीवर मोजत, मान डोलावत आणि पुन्हा जागेवर लावत. उंचीत भेदभाव नको म्हणून मुलगा कात्रीने शेंडे सारखे करी. मालकीणबाई मागून फवारत येत. काही रोपं मान टाकत. ती 'तपासणीस गैरहजर' धरली जात. जी तगली त्यांचं मूळ कालच्यापेक्षा आखूड भरे, आणि याचा अर्थ तपासणी आणखी कडक हवी एवढाच होऊ शकत होता.

एव्हाना इमारतीत बोलबाला झाला होता. शेजारीपाजारी चपला काढून आत येत, रोपांपाशी उभं राहून फोटो काढत, आणि आपण आता फक्त घरी पिकवलेलंच खाणार असं सांगून खाली हॉटेलात जेवायला जात. सोसायटीचे अध्यक्ष तर रोपांना 'बाळं' म्हणू लागले. येणारे जाणारे बोळातून जाताना अक्कांच्या खुर्चीला अडखळत. कोणीतरी म्हणालं, "आजी, पाय जरा आत घ्या हं." अक्कांनी पाय आत घेतले.

मग मुलाने कुठेतरी वाचलं की झाडांवर आवाजाचा परिणाम होतो. घरातल्या सगळ्या आवाजांची छाननी झाली. मिक्सर बंदच होता. मालकीणबाईंचा आवाज पाण्याच्या कामकाजाचा भाग होता. उरलं अक्कांचं गुणगुणणं, आणि त्याला कोणाची मंजुरी नव्हती. खुर्ची आणखी मागे, गाद्या रचून ठेवायच्या खोलीत न्यायची ठरली. पण तेवढ्यात बाटल्यांच्या विभागाला उंची हवी असं निघालं, आणि वेताची खुर्ची उंचीला अगदी नेमकी बसली. म्हणून खुर्ची परत खिडकीत गेली, तिच्यावर बाटल्या आल्या, आणि अक्का मागच्या खोलीत स्टुलावर.

मालकीणबाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी जाऊन खोलीतला दिवा लावून दिला. म्हणाल्या, "अक्का, हा दिवसभर राहू दे. तोही उजेडच की."

"हो गं," अक्का म्हणाल्या. "उजेड आहे."

अक्कांची आबाळ नको म्हणून त्यांना ताट आणि चहा कोणी न्यायचा याच्या पाळ्या ठरवल्या. त्या घरात पाळी ठरली की काम झालं असं मानलं जाई.

इकडे प्रयोगाची स्थिती गंभीर होती. ओल्या कागदाच्या विभागाला बुरशी आली. पुठ्ठ्याचा विभाग फवारून फवारून स्वतःच विरघळला. ट्रेमधली रोपं उपटून लावून इतकी शिणली की माती आणि रोप यांत बघणाऱ्याला फरक कळेना. साहेबांना झोप येईना. आयुष्यात काही उगवलं नाही तर माणसाला चालतं, पण इतकी तपासणी करून उगवलं नाही तर तपासणीला काय अर्थ उरला? मालकीणबाईंनीही गुपचूप खिडकीत हात जोडले, आणि त्यांचं मागणं देवाने ऐकलं असं म्हणायला हरकत नाही. कारण पडदा धुवायला काढला तेव्हा पडद्यामागे, गजांच्या आणि चौकटीच्या फटीत, खुर्चीवरून घसरून पडलेली एक बाटली सापडली. तिच्यात एक रोप होतं. पात लांब, गर्द हिरवी, आणि बुडाशी मातीतून अर्धा वर आलेला, गोटीएवढा, गुलाबी कांदा.

त्याला कोणी उपटलं नव्हतं, मोजलं नव्हतं, सरळ केलं नव्हतं. साहेबांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि निष्कर्ष सांगितला: शेजारच्या विभागांची तपासणी बघून याला जरब बसली, म्हणून हा वेळेत वाढला. पद्धत सिद्ध झाली होती.

एका सकाळी मोठा समारंभ झाला. सगळा मजला लोटला. अध्यक्षांनी भाषण केलं, मुलाने भिंतीवर चित्रं दाखवली, जलप्रमुखांना टाळ्या मिळाल्या. साहेब उठले आणि म्हणाले, मी जो काही आहे तो माझ्या बहिणीमुळे आहे, म्हणून हा कांदा तिच्याच हातून काढला जाईल. लोक गहिवरले. मालकीणबाई अक्कांना आणायला मागच्या खोलीत गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा एकट्याच होत्या. खोलीत गाद्या होत्या, स्टूल होतं, दिवा जळत होता. अक्का नव्हत्या, त्यांची शाल नव्हती, पिशवीही नव्हती.

"तू आत्याला डॉक्टरकडे नेलं होतंस ना?" त्यांनी मुलाला विचारलं.

"मी कुठे? मला वाटलं बाबांनी नेलंय."

साहेब म्हणाले, "मला वाटलं तिचा डोळा लागला असेल."

"म्हणजे कधीपासून?" अध्यक्षांनी नम्रपणे विचारलं.

मालकीणबाईंना वाटत होतं ताट मुलगा नेतो, मुलाला वाटत होतं वडील नेतात, आणि साहेबांनी आपली पाळी जलप्रमुखांकडे केव्हाच वर्ग केली होती. खोली भरून माणसं होती आणि सगळी गप्प होती. त्या शांततेत, उघड्या खिडकीतून, खालून शिलाई मशीनची खडखड वर आली, आणि त्या खडखडीच्या तालावर कोणीतरी देवाचं काहीबाही गुणगुणत होतं.

खालच्या मजल्यावर, बरोबर त्याच खिडकीखाली, एक शिंपीणबाई एका खोलीत राहत. साहेब, मालकीणबाई आणि मुलगा खाली गेले तेव्हा दार उघडंच होतं. अक्का खिडकीत कापडाच्या गठ्ठ्यावर बसून कोणाच्यातरी बाहीची शिवण उसवत होत्या. ऊन पुरतं त्यांच्या मांडीवर आलं होतं आणि बोटं सुरेख चालत होती. शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं नाही. जिन्यात उन्हाची तिरीप येते तिथे पायरीवर बसल्या होत्या, म्हटलं आत या, एवढंच त्यांनी सांगितलं.

साहेब दारातच उभे राहिले. "अक्का, सांगून तरी जायचंस."

"सांगितलं होतं रे, बाळा," अक्का म्हणाल्या. "तू मूळ मोजत होतास. हो म्हणालास."

वर चल, कांदा तुझ्या हातून काढायचाय, सगळे थांबलेत, असं साहेब म्हणाले. अक्कांनी विचारलं, खिडकी मोकळी झाली का? साहेबांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने हळूच सांगितलं की दुसरा टप्पा परवाच मंजूर झालाय, त्यात विभाग दुप्पट आहेत. अक्का हसल्या आणि पुन्हा बाहीकडे वळल्या.

साहेबांचे डोळे खरोखर भरून आले. त्यांनी एकदा बहिणीकडे पाहिलं, तिच्या उघडलेल्या बोटांकडे पाहिलं, मग त्या खिडकीकडे पाहिलं. चांगली रुंद खिडकी होती. वरच्यापेक्षा ऊन जास्तच होतं. त्यांचा हात आपसूक खिशात गेला आणि मोजायची टेप घेऊन बाहेर आला.

आता मात्र शिंपीणबाईंनी मशीनवरचा पाय काढला. "साहेब," त्या म्हणाल्या, "या खोलीत मापं मी घेते."

तिघेही वर गेले. कांदा अध्यक्षांच्या हस्ते उपटण्यात आला. त्याच्या चकत्या इतक्या पातळ केल्या की प्रत्येकाच्या जिभेवर एक एक आली, आणि घरच्या कांद्याची चव वेगळीच असते यावर सगळ्यांचं एकमत झालं.

तुम्ही मघापासून साहेबांना हसताय. हसा, त्यात पाप नाही. पण मंडळी, अक्का त्या मागच्या खोलीतून उठून गेल्या तो दिवस मी तुम्हाला सांगितला नव्हता. दिवा लावला, पाळ्या ठरल्या, आणि मी सरळ बुरशीवर आलो. तुमच्यातल्या एकानेही हात वर करून विचारलं नाही, की अहो, त्या म्हातारीचं काय झालं? सगळे माना उंचावून बसलात, कांदा उगवतो का बघायला.

तेव्हा उठण्याआधी एवढंच मागणं आहे. साहेबांना विसरलात तरी चालेल, कांद्यालाही. पण तुमच्या घरात ज्यांना तुम्ही तात्पुरतं म्हणून जरा आत सरकवलंय, त्यांना आठवा. देव वाट बघेल, त्याला घाई नसते. ऊन मात्र सरकत असतं. जाताना वाटेत कुठे थांबू नका. घरी पोहोचलात की आधी त्या मागच्या खोलीचं दार उघडा, आणि आत कोणी आहे का बघा.