पट्टीला पाणी

समिधाचं लग्न चार दिवसांवर आलं, तरी कृष्णकांतांचं लक्ष मांडवाकडे नव्हतं. ते होतं जुन्या फियाटच्या डॅशबोर्डवर. लेकीला सासरी पोचवायची ती याच गाडीतून, हा त्यांचा हट्ट. पण डॅशबोर्डवरच्या प्लास्टिकच्या चंदेरी पट्टीची चांदी पार उडाली होती. वरातीत ती कोण कशाला बघतंय, पण हे त्यांना सांगणार कोण?

शेवटी त्यांनी पट्टी उपटून ओट्यावर ठेवली आणि बोईसरच्या कारागिराकडे चौकशीला निघता निघता बायकोला ओरडून सांगितलं, "जमुना, पट्टीला पाणी चढवायचंय. तयार ठेव!"

कारागिरानं होकार दिला. कृष्णकांत खुशीत शिरगावला घरी परतले, तर गॅसवरच्या पातेल्यात पट्टी रटरटत होती.

"अगो, हे काय?"

"तुमीच बोलले ना पाणी चढव म्हणून? मी वर मूठभर धुण्याचा सोडा पन टाकला."

"चांदीचं पाणी गो! मुलामा!"

"मंग मुलामा बोलायचं. लग्नघरात पाणी चढव म्हटलं तर मी पातेलंच चढवनार."

पट्टी बाहेर निघाली ती काळीकुळकुळीत, शेवग्याच्या शेंगेसारखी वाकलेली. कृष्णकांतांना रडूच कोसळायचं बाकी होतं. पण हार मानतील तर ते कृष्णकांत कसले! तसेच पुन्हा बोईसरला गेले.

"चाचा, पुराना मुलामा उतारने में ही पूरा दिन जाता है," कारागीर पट्टी निरखत म्हणाला. "ये किसने किया? एकदम साफ! बस, सीधा करके लाओ।"

घरी येऊन त्यांनी पट्टी ऊन पाण्यात मऊ केली, दोन फळ्यांत दाबली, वर पाटा ठेवला आणि पाट्यावर जमुनेला बसवलं. अर्ध्या गावाला आवतणाचे फोन तिनं तिथूनच केले.

लग्नाच्या दिवशी मुलामा चढून डॅशबोर्डवर परत बसलेल्या पट्टीत तोंड दिसत होतं. जावई हर्षित मागं बसला. समिधा हट्टानं पुढं, बापाशेजारी. तिनं पट्टीवरून बोट फिरवलं आणि तिचा चेहराच उतरला.

"बाबा, इथला माझा 'स' कुठं गेला?"

"कसला 'स'?"

"तुमी शाळेत सोडायला यायचे, तवा रोज नखानं खरवडायची मी."

तिनं मेंदीच्या बोटानं पुन्हा नख लावून पाहिलं. पट्टी ढिम्म. काम पक्कं झालं होतं.

मागं बॅन्डवाले वाजवून वाजवून दमले होते. कृष्णकांतांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढून लेकीच्या हातात दिली.

"टोकानं काढ तुझा 'स'," डोळे पुसत ते म्हणाले. "सावकाश. वरात थांबंल."