एकसष्ट मेगापिक्सेलची बायको

बायकोचा फोटो मोबाईलवर काढायचा नाही, एवढंच मी ठरवलं होतं. एवढ्याशा निर्णयातून पुढे जे काही झालं ते ऐकून तुम्ही हसणार आहात, हे मला माहीत आहे. माझी हरकत नाही. हल्ली सवय झाली आहे.

त्याचं असं झालं, की बायको तिच्या शाळेची मुख्याध्यापिका झाली. त्या शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात आजवरच्या सगळ्या मुख्याध्यापकांचे फोटो ओळीने टांगलेले आहेत. पहिले मिशीवाले, दुसरे भुवयांवाले. तिसऱ्या बाईंना मिशी नव्हती आणि भुवयाही बेताच्याच होत्या, पण त्यांनी नुसत्या मिटलेल्या ओठांवर काम भागवलं होतं. त्या भिंतीपाशी आलं की मुलांची पावलं आपोआप हळू पडतात. आता तिथे चौथा खिळा ठोकून झाला होता, आणि सोमवारी, नव्या सत्राच्या पहिल्याच दिवशी, त्याला बायको लटकायची होती. (म्हणजे तिचा फोटो.)

"मला असा फोटो हवाय, की तो बघून मुलं गप्प झाली पाहिजेत," ती म्हणाली.

"मग त्यात काय एवढं? तुला बघून मी तर..." इथे मी उरलेलं वाक्य गिळलं. लग्नाला अठरा वर्षं झाली की माणूस अर्धी वाक्यं गिळूनच पोट भरतो.

"घरातलं नाही म्हणत मी. शाळेत मला कुणीही घाबरत नाही. सातवीतली मुलं माझ्या टेबलाला टेकून डबा खातात. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी एक मुलगी मला चुकून आई म्हणाली. अशाने शाळा चालेल का?"

ती हसत होती. पण हातातल्या रुमालाची तिने घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बाईसाहेब खरोखरच घाबरल्या आहेत. मला फार वाईट वाटलं. त्याच क्षणी मी ठरवलं, की हा फोटो मीच काढणार आणि साध्यासुध्या कॅमेऱ्याने काढणार नाही.

फोटोतलं मला कळतं, असं मला वाटतं, कारण मी ओळखपत्रांच्या कचेरीत कारकून आहे. लोकांचे फोटो परत पाठवणं हेच माझं काम. दोन्ही कान दिसले पाहिजेत, दात दिसता कामा नयेत, वगैरे. इतकी वर्षं मी जे चेहरे मंजूर केले, ते सगळे आत्ताच अटक झाल्यासारखे दिसतात. त्यामुळे मनात कुठेतरी एका सुंदर फोटोची भूक राहून गेली होती. ऑफिसातून येताना मी रोज कॅमेऱ्याच्या दुकानाच्या काचेशी थांबायचो. आत, काळ्या मखमलीवर, तो बसलेला असायचा.

"घ्यायचाय का?" दुकानदाराने शनिवारी अखेर बाहेर येऊन विचारलं.

"आधी मूल्यमापन करावं लागेल," मी म्हणालो. "फोटोचं वेगळं, व्हिडिओचं वेगळं."

त्याने माझ्याकडे बघितलं, काचेवर माझ्या नाकाने उठलेल्या डागाकडे बघितलं आणि आत जाऊन कॅमेरा आणून दिला. "दाखवायचा पीस आहे. वापरून बघा आणि उद्या संध्याकाळी परत आणा. पण मग काचेशी उभं राहायचं नाही."

घरी आल्यावर मी खोकं उघडलं, तेव्हा सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या आमच्याकडेच राहतात आणि घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी त्यांच्या नजरेखालून जाते. (मीही तसाच आलो.)

"फुल फ्रेम मिररलेस आहे," मी सांगितलं.

"म्हणजे काय, जावईबापू?"

"म्हणजे आत आरसा नसतो."

"एवढे पैसे घेतात आणि आरसासुद्धा देत नाहीत?"

तोवर मी डोळा कॅमेऱ्याला लावला होता. आणि काय सांगू तुम्हाला, मी माझ्याच घरात हरवलो. खिडकीतून आलेल्या उन्हात धूळ तरंगत होती, सावकाश, तिला कुठेच जायचं नव्हतं. नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता आणि त्या थेंबात आमचं अख्खं स्वयंपाकघर उलटं टांगलेलं होतं. पडद्याची किनार, तांब्यावरचा पोचा, चपलांची जोडी, जिथे बघावं तिथे काहीतरी चमकत होतं. आपलं घर इतकं सुंदर आहे हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. मी एका खोलीतून दुसरीत पाण्यात चालावं तसा चालत होतो. जेवायला हाका मारल्या तेव्हा त्या फार लांबून, कुठल्यातरी काठावरून आल्यासारख्या वाटल्या.

हा कॅमेरा माणसाचा डोळा स्वतः शोधून त्यावर एक छोटी चौकट बसवतो. बायकोच्या डोळ्यावर बसवली, सासूबाईंच्या बसवली. मग बायकोने कॅमेरा माझ्याकडे वळवला, तर चौकट माझ्या चेहऱ्यावरून घसरून मागच्या कपाटाच्या मुठीवर जाऊन बसली. सासूबाईंनी कॅमेरा हातात घेऊन कुठलंतरी बटण दाबलं, आणि लगेच चौकट माझ्या डोळ्यावर घट्ट बसली.

"आता ओळखलं बघा तुम्हाला," त्या समाधानाने म्हणाल्या.

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाचलं. त्यांनी 'माणूस' काढून 'प्राणी' केलं होतं.

असो. दुपारी बायकोला खिडकीजवळ खुर्चीत बसवलं. तिने चष्मा सारखा केला, भुवया आक्रसल्या, ओठ मिटले आणि मला विचारलं, "दिसतेय का रागीट?" मग स्वतःच फस्सकन हसली. पुन्हा बसली. पुन्हा हसली. एकदा तर हसणं थांबवण्यासाठी तिने खिडकीबाहेर बघितलं, आणि तेवढ्यात मी फोटो काढला. मागची भिंत विरघळून नुसती सोनेरी झाली होती, कानाजवळचे चार पांढरे केस उजळले होते आणि ती कुठेतरी फार लांब, बहुधा तिच्या लहानपणात, बघत होती. मला गलबलून आलं. हीच ती मुलगी, जिला भेटायचं म्हणून मी एके काळी दोन दोनदा दाढी करायचो.

तिने तो फोटो बघितला आणि तिचा चेहरा पडला.

"छान आहे हो," ती म्हणाली. "पण हा बघून मुलं गप्प बसतील का? हिच्याकडे तर कुणीही सुट्टी मागेल आणि ही दोन दिवस वाढवून देईल."

खरंच होतं ते. संध्याकाळपर्यंत मी खूप फोटो काढले, आणि प्रत्येकात ती आदल्यापेक्षा जास्त प्रेमळ दिसत गेली. रात्री ती रुमाल उशाशी घेऊनच झोपली.

रविवारी सकाळी मी बनियनवर, खांद्यावर टॉवेल टाकून उभा होतो. बायको गच्चीवर कपडे वाळत घालायला निघाली. "दुधाकडे बघा जरा," एवढं सांगून गेली.

दुधाकडे मी बघितलं नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. आजवर कुठल्याही दुधाकडे कुठल्याही नवऱ्याने इतकं बघितलं नसेल. व्हिडिओचं मूल्यमापन राहिलंच होतं, म्हणून मी स्लो मोशन लावलं आणि पातेल्यावर कॅमेरा धरला. कडेने बुडबुडे यायला लागल्यावर रेकॉर्डिंग थांबवून तिथल्या तिथे ते बघायला घेतलं. अहाहा. साय थरथरली. तिच्याखालून काहीतरी झोपेत कूस बदलावी तसं हललं. एक बुडबुडा आला, विचार करत थांबला, मग फुटला. दुधाला घाई नव्हती आणि मलाही नव्हती. पडद्यावर दूध अजून पातेल्याच्या अर्ध्यातच होतं, म्हणून मी अगदी निश्चिंत होतो.

पायाला गरम लागलं तेव्हा मी खाली बघितलं.

खरं दूध केव्हाच ओट्यावरून उतरून जमिनीवर पसरलं होतं. मी गॅस बंद केला. (इतकाही वाया गेलेला नाही मी.) पण त्या पांढऱ्या तळ्यात खिडकीतलं ऊन पडलं होतं आणि कडेने वाफ उठत होती, सकाळी नदीवर उठते तशी. कॅमेरा फोटोवर आणला, त्याचा मागचा पडदा वर वळवून तो पोटाशी धरला आणि मी जागा शोधायला लागलो.

तेवढ्यात दारात बायको येऊन उभी राहिली.

ती नुसती बघत राहिली. त्या बघण्यात दूध होतं, कॅमेरा होता, खिडकीच्या पडद्याचा गेल्या वर्षी निखळलेला आणि अजून न बसवलेला हूक होता, आणि शिवाय मी होतो. घाबरून माझ्या हातांनी पोटाशीच कॅमेरा ढालीसारखा तिच्याकडे वळवला. चौकट आपण होऊन तिच्या डोळ्यावर जाऊन बसली आणि माझ्या बोटाखाली बटण दाबलं गेलं. आरसाच नसल्यामुळे आवाजही झाला नाही.

फरशी पुसून झाल्यावर (सासूबाईंच्या देखरेखीखाली, कोपऱ्यांसकट) मी भीत भीत तो फोटो उघडला आणि बसल्या जागी सरळ झालो. मग धीर करून तिला दाखवला.

तिने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "ही मी आहे?"

"हो."

"अशी दिसते मी?"

"क्वचित. दूध असेल तर."

ती हळूहळू ताठ बसली. तिचं ते रुमालाशी खेळणं थांबलं. "हाच," ती म्हणाली, आणि आवाजसुद्धा त्या फोटोतलाच होता. मला इतका आनंद झाला की विचारू नका. बायकोला जगात जे हवं होतं ते मी दिलं होतं, आणि तेही नुसतं माझ्या अंगच्या गुणांवर.

संध्याकाळी कॅमेरा परत करताना दुकानदाराने फोटो मोठ्या पडद्यावर लावला आणि दोन पावलं मागे सरकला. "एकसष्ट मेगापिक्सेल आहेत, छोटा काढून वाया घालवू नका," तो म्हणाला. "दरवाजाएवढा छापू. कसा काय वाटला कॅमेरा?"

"उत्तम. सगळं दिसतं."

"सगळं?"

"सगळं," मी छाती काढून म्हणालो.

सोमवारी फोटो लागला. तो इतका मोठा होता, की चौथा खिळा सोडून त्याला जमिनीवरच भिंतीला टेकवून उभा करावा लागला. बायको घरी आली ती तरंगतच. व्हरांड्यात चिडीचूप. मंगळवारी सातवीने स्वतःच्या बाकावर बसून डबा खाल्ला. बुधवारी ती म्हणाली, "एक गंमत सांगू? मधल्या सुट्टीत मुलं रांग लावून माझा फोटो बघतात. अगदी नाक लावून. मग एकमेकांच्या कानात काहीतरी बोलतात आणि मुकाट्याने वर्गात जातात."

"व्यक्तिमत्त्व," मी म्हणालो.

शुक्रवारी ती डबा विसरून गेली, म्हणून मी तो द्यायला शाळेत गेलो. मधली सुट्टी चालू होती. फोटोसमोर खरोखरच रांग होती, आणि प्रत्येकजण बायकोच्या चष्म्याच्या डाव्या काचेशी वाकत होता. मीही वाकलो.

दरवाजाएवढ्या फोटोत चष्म्याची काच चांगली बशीएवढी झाली होती. त्या काचेत आमची स्वयंपाकघराची खिडकी होती. शेगडी होती. उतू गेलेलं पातेलं होतं. आणि मधोमध, अंगठ्याएवढा, लख्ख उन्हात, खांद्याला उसवलेला बनियन घातलेला, टॉवेलवाला एक मनुष्य कॅमेरा पोटाशी धरून तोंड उघडं टाकून उभा होता. डोळ्यांतली भीतीसुद्धा स्पष्ट होती. दोन्ही कान दिसत होते.

 संपलं, मला वाटलं. बायकोचा दरारा संपला. चार दिवसांत मिळवलेलं सगळं माझ्या बनियनने घालवलं. आता ही मुलं हसणार, उद्या सातवी पुन्हा टेबलावर चढणार, आणि ती पुन्हा रुमालाच्या घड्या घालत बसणार. डबा छातीशी धरून मी तसाच उभा राहिलो.

पण कुणी हसत नव्हतं. माझ्यापुढे दोन छोट्या मुली होत्या, वेण्यावाल्या. त्यातली नवी दिसणारी हळूच म्हणाली, "हे कोण गं?"

"ते बाईंचं ऐकत नव्हते," दुसरीने गंभीरपणे समजावलं. "बाई ओरडल्या नाहीत की काही नाही. नुसतं बघितलं त्यांच्याकडे. तर ते एवढेसे झाले आणि चष्म्यात गेले."

"मग आता तिथेच राहतात?"

"हो. म्हणून व्हरांड्यात पळायचं नाही."

माझा जीव भांड्यात पडला. दरारा शाबूत होता. नुसता शाबूत नव्हे, चांगला मुरला होता. मी समाधानाने श्वास सोडला, आणि त्या आवाजाने दोघींनी वळून बघितलं. माझ्याकडे बघितलं, काचेकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. मग मोठ्या अदबीने बाजूला होऊन त्यांनी मला वाट करून दिली.

मी दहा पावलं गेलो असेन. मागून नवीने कुजबुजत विचारलं, "सुटले का गं ते?"

"छे," दुसरी म्हणाली. "डबा आणण्यापुरतं बाहेर काढलंय."