या, या! बसा ना!

"चला, येते मी," असं म्हणत आत्याबाई सोफ्यावरून उठल्या आणि घरातल्या तिघांच्या जिवात जीव आला. तो पुरता यायच्या आतच भिंतीवरून आवाज आला, "या, या! बसा ना. चहा टाकते!"

हॉलचे सगळे दिवे लागले, पंखा गरगरायला लागला, दाराचं कुलूप खट्‌कन उघडलं. आवाज आईचा होता. आई मात्र आत्याबाईंच्या समोरच उभी होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"तू एवढं म्हणतेस तर बसते बाई," असं म्हणून आत्याबाई पुन्हा सोफ्यात रुतल्या.

"अहो ताई, मी नाही, ते यंत्र बोलतंय."

"यंत्र असलं तरी शब्द तुझेच ना? चहा तुझा पाणचट असतो, पण प्रेमानं करतेस."

आईनं चिरंजिवांकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला आणि ती चहा टाकायला आत गेली. दुपारपासून तिचा हाच उद्योग चालला होता.

चिरंजीव एका कंपनीत सॉफ्टवेअर डेव्हलपर होते. बाजारात नवं काही आलं की त्यांचे हात शिवशिवायला लागत. मागे त्यांनी कुंड्यांना आपोआप पाणी घालणारं यंत्र बसवलं होतं, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचं अंथरूण-पांघरूण आपोआप धुऊन निघालं. या वेळी एक नवीकोरी प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून त्यांनी घरालाच कान आणि आईच्या आवाजाचं तोंड बसवलं होतं. भिंतीवर बॅटरीवर चालणारा मायक्रोफोन आणि स्पीकर, दाराला विजेचं कुलूप. जुनी कडी जुनाट दिसते म्हणून काढून माळ्यावर टाकली. नियम अगदी सोपा होता. कोणी 'येतो' किंवा 'येते' म्हणालं की पाहुणा आला असं समजून घरानं स्वागत करायचं. 'जातो', 'जाते' म्हणालं की दिवे, पंखे, प्लग सगळं बंद आणि दाराला कुलूप. 'येऊ', 'येईन', 'जाऊ', 'जाईन' अशी सगळी रूपंसुद्धा त्यांनी यंत्राकडून घोटून घेतली होती. फक्त स्वतःचा आवाज वगळला होता, कारण काम करताना त्यांना एकटंच बडबडायची खोड होती.

एवढा सगळा शहाणपणा करताना एकच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. आपल्याकडे घरातून निघालेला माणूस कधी 'जातो' म्हणत नाही. तो 'येतो' म्हणतो आणि जातो. जन्मापासून हेच ऐकत आलेला माणूस हे विसरला, याला काय म्हणावं!

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी होती ऑफिसातली टेस्टर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचा तिला पगार मिळे, आणि त्यातला बराचसा चिरंजिवांच्या कृपेनं मिळे. तिला त्यांनी कॅंटीनमध्ये लग्नाचं विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली होती, "आधी तुझं घर बघते. मग सांगते."

आज पाच वाजता ती घर बघायला येणार होती. आत्याबाईंनी आजवर नुसत्या चौकशा करून नात्यातली बरीच लग्नं जमता जमता मोडली होती, त्यामुळे पाचच्या आत त्यांची पाठवणी होणं हा चिरंजिवांच्या जन्माचा प्रश्न होता. ते कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन घामाघूम होऊन प्रोग्रॅम दुरुस्त करत होते.

"दूध संपलं," आतून आई म्हणाली.

"घेऊन येतो," म्हणत वडील उठले.

"या, या! बसा ना. चहा टाकते!"

"कशाचा टाकतेस? दूध नाही म्हणून तर चाललोय!" वडील भिंतीवर खेकसले आणि पिशवी घेऊन बाहेर पडले.

चिरंजीव रडकुंडीला आले. लॅपटॉप बाजूला ठेवून ते आत्याबाईंपाशी गेले आणि लाडीगोडीनं म्हणाले, "आत्या, तू एकदा निघताना 'जाते' म्हण ना. फक्त एकदा."

आत्याबाईंचा चेहरा लाल झाला. "काय म्हणालास? तो शब्द मी तोंडातून काढू? भावाच्या घरातून निघताना? मी काय कायमची चाललेय? ऐकलंस का गं तुझ्या लेकाचं?"

आई लगबगीनं बाहेर आली. "ताई, लहान आहे तो. जाऊ द्या हो!"

खट्‌. दिवे गेले, पंखा थांबला, दाराला कुलूप बसलं. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच निकामी झाली होती आणि तो हॉलमधल्या प्लगवर तग धरून होता. तोही मान टाकून मोकळा झाला. केलेली सगळी दुरुस्ती त्याच्याबरोबर गेली.

तेवढ्यात दारावर थाप पडली. "उघडा! मी आलोय!"

यंत्र ढिम्म. 'येणे'चं 'आलो' होतं, हे व्याकरण त्याला शिकवायचं राहूनच गेलं होतं.

"आई," चिरंजीव अंधारात कुजबुजले, "पटकन 'येते' म्हण, दार उघडेल."

"मी नाही म्हणणार. मग परत चहा टाकावा लागतो."

आत्याबाई तर रुसून बसल्या होत्या. चिरंजीव दाराला तोंड लावून ओरडले, "बाबा, 'येतो' म्हणा!"

"अरे, आलोय मी! आलेला माणूस तसं कशाला म्हणेल?"

"म्हणा हो एकदा!"

"घर माझं, दूध मी आणलं, आणि वर मीच परीक्षा देऊ? मला आता भयंकर राग येतोय, सांगून ठेवतो!"

"या, या! बसा ना. चहा टाकते!" घरानं रागाचं तोंडभरून स्वागत केलं. दिवे लागले, दार उघडलं. दारात वडील उभे होते आणि त्यांच्या पाठीमागे, ओठ चावून हसू दाबत, टेस्टर उभी होती.

चिरंजिवांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

टेस्टर मात्र आत शिरल्या शिरल्या खुलली. चूक दिसली की तिच्या चेहऱ्यावर एक तेज चढे. तिनं भिंतीकडे पाहून म्हटलं, "मला कंटाळा येतो." घरानं कंटाळ्याला बसायला सांगितलं. "वेळ जात नाही," ती म्हणाली. काळोख झाला. "झोप येते." उजेड झाला. स्वयंपाकघरातून आईचा कळवळून आवाज आला, "पुरे गं बाई, मी किती चहा टाकू!"

"हे बंद कसं करतात?" टेस्टरनं विचारलं.

"लॅपटॉपवरून."

"आणि लॅपटॉप बंद पडला तर?"

चिरंजिवांनी स्टूल पुढे सरकवलं. टेस्टर स्टुलावर चढली आणि यंत्र उलटंपालटं करत म्हणाली, "अरे, ही बॅटरी तर काढता येते."

"या, या! बसा ना. च..." एवढं बोलून घर मुकं झालं. बॅटरी तिच्या हातात होती.

आत्याबाई याच घडीची वाट बघत होत्या. त्यांनी टेस्टरला शेजारी बसवून घेतलं आणि तोफ डागली, "स्वयंपाक येतो का गं तुला?"

"नाही. ह्याला येतो का?"

"ह्याला?" आत्याबाई गडबडल्या. असा उलटा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. "बरं, आमच्या पोरात काय काय दोष दिसले तुला?"

"मोजायचे सोडून दिले."

"सुधारतील?"

"काही सुधारतील. बाकीचे सांभाळून घ्यावे लागतील."

आत्याबाईंना उत्तर आवडलं की नाही ते कळलं नाही, पण चौकशी त्यांनी तिथंच आवरली. त्यांनी उठून एका पायात चप्पलसुद्धा सरकवली. तेवढ्यात टेस्टरही उठली. पर्स खांद्याला लावून तिनं दाराशी जाऊन बूट घातले. चिरंजीव मागोमाग दाराशी धावले. परत यायचंच नसेल तर माणूस 'जातो' म्हणतो; आता ही 'जाते' म्हणाली की सगळं संपलंच.

ती वळली आणि म्हणाली, "येते."

"या, या! बसा ना. चहा टाकते!"

चिरंजीव ताडकन उडाले. "तू बॅटरी काढलीस ना?"

तिनं मूठ उघडून दाखवली. बॅटरी तिथंच होती. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, हातात पातेलं घेऊन.

"मी म्हटलं," आई म्हणाली. "माझ्या घरात बोलायला मला बॅटरी लागत नाही."

टेस्टरनं निमूटपणे बूट काढले. चिरंजिवांनी सगळं धैर्य एकवटून विचारलं, "पण तू घर बघून सांगणार होतीस ना?"

"सांगितलं की."

"कधी?"

"आत्ताच."

वडिलांनी कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, 'येते' म्हणाली ना ती!"

चिरंजिवांच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला, पण पडला. आत्याबाईंनी पायातली चप्पल काढून कोपऱ्यात भिरकावली आणि सोफ्यावर ऐसपैस मांडी ठोकली.

"आता तर मी मुळीच जात नाही!"

सवयीनं सगळ्यांनी वर दिव्यांकडे पाहिलं. दिवे चालूच होते.